जेऊरचा रिकामा डबा

आमच्या ऑफिसात नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. माढ्याहून येणारा तो माढेकर, जेऊरकडची ती जेऊरवाली. मी जन्मापासून सोलापुरातली, त्यामुळे मला काय म्हणायचं हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता. तो सुटला ऑफिस बंद पडल्यावर, पण ते पुढं येईलच.

कंपनी पुण्याची. आमची शाखा सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांची. विम्यासाठी आलेली दवाखान्यांची बिलं तपासायची, हे काम. दिवसभर कुणाच्या तरी आजारपणाचा हिशेब वाचायचा म्हणजे माणूस रडकुंडीला यावा, पण आम्ही तिथं जितकं हसलो तितकं मी माहेरी-सासरी मिळूनसुद्धा हसले नसेन. त्याचं सगळं श्रेय जेऊरवालीला. ती माझ्या शेजारी बसायची. बिलात काही अचाट दिसलं, म्हणजे पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाच्या नावावर बाळंतिणीची औषधं वगैरे, की ती तोंडानं काही न बोलता पायानं माझ्या खुर्चीला ढकलायची. चाकाची खुर्ची, मी सरकत सरकत माढेकराच्या टेबलावर जाऊन आदळायची. मग तो वैतागायचा आणि ही टेबलावर हात आपटून हसायची. त्या ढकलण्यानं माझ्या खुर्चीचं एक चाक कायमचं वाकडं झालं होतं.

दुपारी सगळे डबे मध्ये यायचे. कडक भाकरी मोडायची, तिच्यावर दही, शेंगाचटणी, वरून तेलाची धार. कुणाचा घास कुणाच्या डब्यातला, याचा पत्ता नसायचा. एकमेकांचे डबे घरीही जायचे, आणि परत येताना रिकामे कधीच यायचे नाहीत. आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. हे कुणी शिकवलं नव्हतं. घरून आलेलंच होतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा 'लॅपटॉप घेऊन घरी जा, पंधरवड्यात बोलावतो' असा निरोप आला. बोलावणं काही आलं नाही. घरून काम होतंय आणि भाडं वाचतंय म्हटल्यावर पुण्याला शाखा कशाला हवी? पुढं एकदा जुन्या फर्निचरच्या दुकानासमोरून जाताना मला आमच्या खुर्च्या दिसल्या, एकीवर एक उलट्या रचलेल्या. वाकड्या चाकाची वरच होती. मी तिथं उभी राहून चक्क रडले. दुकानदाराला वाटलं, भाव कमी करून मागते आहे.

माढेकर माढ्याला गेला. जेऊरवाली तिच्या गावी, जेऊरपासून आत, उजनीच्या पाण्याकाठी. घरात आबा, म्हणजे तिचे वडील, आणि भाऊ-भावजय. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती आधीच माहेरी आलेली होती. आबांची केळीची बाग होती. ती कॅमेऱ्यासमोर बसली की मागून आबा हमखास जायचे, आणि जाता जाता स्क्रीनमध्ये डोकावून आमची विचारपूस करायचे. "काय, जेवला का समदी?" सकाळचे दहा वाजलेले असले तरी हाच प्रश्न.

आता आम्हाला 'जोडून ठेवायची' जबाबदारी पुण्याच्या एका मॅडमवर आली. मॅडम म्हणजे वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी मुलगी. तिनं फार कष्ट घेतले, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी ऑनलाइन तंबोला. एकदा टोपी-दिवस, त्याला माढेकर हेल्मेट घालून बसला आणि पूर्ण वेळ त्याला कुणाचं काही ऐकू आलं नाही. चार वाजता 'चहा एकत्र'. म्हणजे चहा आपला आपण करायचा, एकट्यानं प्यायचा आणि कप कॅमेऱ्याला दाखवायचा. आणि रोज सकाळी काम उघडलं की आधी पाच चेहरे समोर यायचे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आज कसं वाटतंय ते दाबायचं. एकदा मी चिडून रडका दाबला, तर मॅडमचा फोन, मग तिच्या वरच्यांचा फोन, मग एक लांबलचक प्रश्नावली. पुन्हा म्हणून दाबला नाही. सगळेच हसरा दाबायचे. आमचा गट पुण्यात सगळ्यात आनंदी म्हणून गाजला.

खरं काय ते जेऊरवाली एकदा तंबोला चालू असतानाच बोलली. "तुज्या हातची शेंगाचटणी खाऊन किती दिस झालं गं. तोंडाची चवच गेली बघ."

मी दुसऱ्या दिवशी स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा भरला, फडक्यात बांधला आणि स्टँड गाठलं. मी शाळेत असतानाची स्टँडवरची सकाळ मला अजून आठवते. खेड्यातल्या आया शिकायला ठेवलेल्या पोरांचे डबे एसटीनं पाठवायच्या, आणि पोरं गाडीच्या खिडकीशी गर्दी करून आपापल्या फडक्याचा रंग शोधायची. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. माझी आई घरीच, मला कोण डबा पाठवणार? तर करमाळ्याच्या गाडीच्या कंडक्टरला मी डबा दिला. तो म्हणाला, "आमी गावाकडनं शेराकडं डबा नेतो बाई. ह्यो उलटा कुटं चालला?" मी म्हटलं, पोरं गावाला गेली, आता डबाही तिकडंच जाणार. फाट्यावर आबा मोटारसायकल घेऊन थांबले होते.

परतीच्या गाडीनं डबा आला तो चिलापीच्या कालवणासकट. ते वाटेत सांडलं. गाडीभर माशाचा वास, कंडक्टर लालबुंद. "पुन्यांदा वलं काय पाठवायचं न्हाय!" तेव्हापासून फक्त कोरडं, असा नियम झाला. मग माढेकर रुसला, त्यालाही डबा सुरू झाला. माढ्याहून ज्वारीच्या कण्या यायच्या, जेऊरहून केळ्याचे काप. सगळं माझ्यावरून जायचं, इकडचं तिकडं नि तिकडचं इकडं, म्हणून आबांनी एक दिवस स्क्रीनमध्ये डोकावून माझं बारसं केलं. "ही तर आपली कुर्डुवाडी जंक्शन हाय की!" तेव्हापासून मी जंक्शन.

जेऊरच्या डब्याची खूण म्हणजे गुळाचा खडा. आत काहीही असो, झाकण लावायच्या आधी आबा वर एक खडा ठेवायचे. डबा तोंड गोड करून निघावा, असं त्यांचं म्हणणं.

यंदाच्या उन्हाळ्यात जेऊरवालीचा कॅमेरा बंद राहायला लागला. रेंज नाही म्हणायची. मग हसणं कमी झालं, मग बोलणं. काम चोख, पण तेवढंच. मी वेगळा फोन केला तर म्हणाली, "एकटीच बसून बसून डोस्कं फिरतंय गं. सोडावं म्हणते काम." ती गेली तर त्या गटात माझं म्हणावं असं उरतं कोण? माझ्या खुर्चीला ढकलणारं माणूस मला गमवायचं नव्हतं. मी तिच्यासाठी खास लसणाची जास्त घालून चटणी केली, डबा पाठवला आणि वाट बघत बसले.

आठवडा उलटला, डबा नाही. माढेकर कुरकुरायला लागला, "जंक्शन, गाडी कुटं अडकली?" पुण्याच्या मॅडमनी मात्र आनंदानं सांगितलं की जेऊरवाली आता रोज न चुकता हसरा चेहरा दाबते, तेव्हा काळजी नसावी.

आणि मग तिच्या भावाचा मेसेज आला, डबा गाडीत ठेवलाय. एवढंच. मी स्टँडवर गेले. कंडक्टरनं फडक्याची गाठ माझ्या हातात दिली आणि हात एकदम वर गेला, इतकं ते हलकं होतं. उघडलं. दोन्ही कप्पे घासूनपुसून लख्ख, आणि आत काही नाही. गुळाचा खडाही नाही.

माझं टाळकंच सरकलं. काम सोडायचं तर सोड की बाई, पण हे काय वागणं? चिमूटभर साखर नव्हती घरात? फोन काढला, काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं आणि फलाटावरच्या बाकावर बसले. डबा मांडीवर होता. त्याच्या चकचकीत बुडाकडं बघता बघता मला आमचं घर आठवलं, माझे वडील गेले तेव्हाचं. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणलेली, त्यांची भांडी मी घासून दाराशी मांडत होते, आणि सवयीनं साखरेच्या डब्याकडं हात गेला तेव्हा आत्या म्हणाली होती, नको, सुतकात भांडं रिकामंच द्यायचं असतं.

मी तिला फोन लावला. उचलला नाही. माढेकराला लावला, त्याची मावशी त्याच बाजूला दिलेली. थोड्या वेळानं त्याचा उलट फोन आला. आबा गेले होते. बागेला पाणी द्यायला मोटार चालू करून आले आणि बांधावर बसले, ते बसलेच.

मी पुण्याला मॅडमना कळवलं. ती पोर म्हणाली, "पण ताई, तिनं त्या दिवशीसुद्धा हसरा दाबला होता." आणि रडायला लागली. तीही पुण्यात एका खोलीत एकटीच बसून आम्हाला हसवत होती, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. तिनं आम्हा दोघांना रजा दिली, कारण न विचारता.

सकाळच्या पॅसेंजरनं मी निघाले, माढ्याला माढेकर चढला. ऑफिस बंद झाल्यापासून आम्ही आज पहिल्यांदा समोरासमोर भेटत होतो, आणि भेटलो ते असे. माझ्या मांडीवर तोच डबा, पिठलं-भाकरीनं भरलेला.

जेऊरवाली सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, केवढीशी झालेली. मला बघून गळ्यात पडली. जरा शांत झाल्यावर मी विचारलं, एका शब्दानं सांगायचं तरी होतंस.

"कसं सांगू? लिवाया घेतलं की बोटं थांबायची. फोन हातात घ्यावा तर तोंडच उगडंना. सकाळी ते हसरं त्वांड तेवढं दाबायचं, न्हायतर पुण्याचा फोन येतो, मग त्येला काय सांगायचं? म्हटलं डबा रिकामा लावून द्यावा. तुला कळंल."

मी तिचा हात धरून बसले. त्या पाच चेहऱ्यांत तिचा चेहरा नव्हता, आणि तिनं मला जे सांगितलं ते एका रिकाम्या भांड्यानं सांगितलं. मला कळलं याचं समाधान वाटलं, आणि बाकावर बसून मी काय काय बोलायचं जुळवत होते ते आठवून अंगावर काटाही आला.

डबा सोडला. ती खाईना. तेव्हा माढेकर, ज्याला शोकसभेतही गप्प बसता येत नाही, घसा खाकरून म्हणाला, "आबा असते तर विचारलं असतं, जेवला का समदी." आणि माझ्या मांडीला बाजूनं एक धक्का बसला. तिचा पाय. मी इंचभर सरकले. ती रडत होती, पण तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

कामाचं तिनं काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रिकामा झालेला डबा तिथंच ठेवून आम्ही परतलो. निघताना ती एवढंच म्हणाली, "गोडाचा दिवस हूं दे."

त्यानंतर रोज सकाळी लॅपटॉप उघडला की मी आधी तिचं नाव हिरवं आहे का ते बघायची. नसायचं. मॅडमनी ते पाच चेहरे काढून टाकले होते आणि तंबोलाही बंद होता. शुक्रवारी आम्ही नुसतेच फोन लावून आपापलं काम करत बसायचो, कुणाच्या घरचा कुकर, कुणाचा कुत्रा ऐकत. तिची चौकट काळी.

मग एका दुपारी तिच्या भावाचा नाही, तिचाच मेसेज आला. 'गाडी सुटली. स्टँडला जा.'

कंडक्टरनं खिडकीतून फडकं खाली केलं, ते धरायला मला दोन्ही हात लावावे लागले. बाकापर्यंत जायलाही धीर निघेना. तिथंच, लोकांचे धक्के खात, गाठ सोडली. शेंगापोळ्या होत्या, दोन्ही कप्पे गच्च, झाकण कसंबसं बसवलेलं.

वर गुळाचा खडा होता.