शेंदूर लागलेला गोटा

निजामाचं राज्य गेलं आणि पुढची काही वर्षं मी दगड उचलून पोट भरलं. नातवंडांना हे खोटं वाटतं. कधीकधी मलाही वाटतं. पण तेव्हा जत्रेत कुस्त्यांआधी गोटा उचलायची चढाओढ लागायची, आणि परतूरच्या एका जिनिंगवाल्या शेठनं माझा खुराक बांधून दिला होता. शेठ जैन, अंड्याचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवायचे. दूध, तूप, बदाम मात्र बराबर घरपोच. अट एकच: आष्टीच्या जत्रेतला मोठा गोटा दुसऱ्या कुणी उचलला, तर खुराक त्याच्या घरी जाणार.

गोटा गावाबाहेर पडलेला असायचा, रांजणाएवढा, काळा, गुळगुळीत. डाव्या अंगाला चार बोटं बसतील अशी खोबण होती, धरायला तेवढीच जागा. उचलण्याआधी नारळ फोडायचा आणि गोट्याला शेंदराचं एक बोट लावायचं, ही आमची रीत.

मग परभणीकडचा एक तरणाबांड गडी यायला लागला. पहिल्या साली त्यानं गोटा गुडघ्यापर्यंत आणला, दुसऱ्या साली छातीपर्यंत. तिसऱ्या साली माझी कंबर धरली होती. मी भ्यालो होतो, त्यात लपवायचं काय?

जत्रेत जाऊन बघतो तर गोटा नखशिखान्त शेंदरानं माखलेला. त्याला चांदीचे डोळे बसवलेले, वर भगवं निशाण, पुढं बायकांची रांग.

"हे काय?" मी एका बाईला विचारलं.

"मारुती हाय."

"कधीपासून?"

"आता हाय तं हाय," ती म्हणाली आणि तेल ओतायला वाकली.

परभणीचा गडी लंगोट कसून तयारच होता. तो तावातावानं पुढं आला, चांदीचे डोळे पाहिले आणि गडबडून हात जोडले. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. पंच एकमेकांच्या कानाला लागले. देवाला छातीशी धरून उचलायचं की नाही, हे कुणालाच सांगता येईना.

शेवटी शेठ पुढं झाले. "देवाला हात घालता? बिलकुल न्हाई! याच्याआधी कुणी उचलला व्हता? आपल्या पैलवानानं. मंग खुराक त्याचाच."

हलगी कडाडली. मला फेटा बांधला. मी काहीच उचललं नव्हतं, तरी लोक मला खांद्यावर घेऊन नाचत होते. हसावं की रडावं, कळेना. खाली उतरल्यावर त्या गड्यानं पाया पडून हळूच विचारलं, "दादा, तुमच्यानं उचलला असता का औंदा?"

"तुझ्यानं?" मी विचारलं.

"काय म्हाईत," तो म्हणाला. बिचारा माझ्याइतकाच गोंधळला होता.

घरी बायको भाकरी थापत होती. मी विचारण्याआधीच ती बोलली. "दरसाली तुमी शेंदूर लावून उचलता, मंग मी जाऊन आजून एक बोट लावून येती. यांची कंबर सांभाळ म्हणून. माझं बघून बाकीच्या बाया लावाया लागल्या. कुणाला पोरगं झालं, कुणाची म्हैस व्याली. मंग तो दगड राहतो व्हय?"

"मी हरलो असतो असं वाटलं का तुला?"

तिनं भाकरी उलटली. "हरून आले असते तं जेवू घातलं असतं. मोडून आले असते तं?"

शेठ होते तोवर खुराक येत राहिला. दूध पिताना दरवेळी वाटायचं, हे माझंच आहे ना?

आता ती नाही. आष्टीला गेलो की मी त्या मारुतीपुढं उभा राहतो. शेंदूर इतका चढलाय की खोबण बुजून गेली. म्हाताऱ्याला नमस्कार करू द्या म्हणून लोक बाजूला होतात. मी हात जोडतो, डोळे मिटतो आणि त्यालाच विचारतो, "त्या साली उठला असतास का रे?"