चंद्राआक्काचं बघणं

हरवलेल्या माणसाचा फोटो चंद्राआक्का कधी बघत नसे. कुणी मोबाइल पुढे केला की ती तो घेई, मांडीवर पालथा घाली आणि त्यावर तळवा ठेवी. "तोंड बगून काय करायचंय? कोनच्या वाटंनं गेला त्ये सांगा," म्हणे. मग डोळे मिटून बसे. मी पिरंगुटच्या शाळेत शिकवत होते आणि भुकूमला तिच्याच खोलीत भाड्याने राहत होते. तिची पडवी माझ्या दाराला लागून, त्यामुळे चहा पिता पिता हे सगळं माझ्यासमोर चाले. डोळे उघडले की ती दिसलेलं सांगे, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. पत्र्याची शेड हाय, म्होरं बाभळ हाय, मानूस जित्ता हाय. नाहीतर एकच शब्द, संपलाय.

पलीकडच्या खोलीतल्या इंजिनिअरने एकदा तिला सांगितलं की याला रिमोट व्ह्यूइंग म्हणतात, परदेशात याचे वर्ग चालतात. "तिकडं शिकावं लागतंय व्हय?" एवढं विचारून आक्का शेळ्यांना पाला टाकायला उठली.

घर सोडून गेलेली एक मुलगी तिने सांगितल्याप्रमाणे खरोखर एका शेडमध्ये सापडली होती. त्या एका भांडवलावर आक्काची पुढची सगळी वर्षं निघाली. ती कुणाकडून साधा नारळही घेत नसे, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायलाही जागा नव्हती. लोक माणूस शोधायला आलो म्हणत, पण मला ते कधी खरं वाटलं नाही. वाट बघून दमलेली माणसं यायची ती. आता पुरे, असं कुणीतरी म्हणायला हवं असायचं, आणि आक्का ते जरा जास्तच मन लावून म्हणे. "संपलाय. घरी जा, क्रिया करा, मोकळं व्हा." कुणी रडायला लागलं तर पाणीही विचारत नसे. "मला दिसतंय त्ये सांगते. ग्वाड करून सांगायला मी काय हलवाई हाय?" मग ती माणसं दर्भाचा पुतळा करत, त्याला अग्नी देत, तेराव्याला गाव जेवू घालत. आमच्या गावात आणि आसपास असे बरेच पुतळे जळले.

पहिला पुतळा तिच्या नवऱ्याचा. बबन ट्रक घेऊन गेला तो परतला नाही. आक्काला तो धरणाच्या पाण्याखाली दिसला. प्रेत मिळालं नाही, तरी तिने दिराकडून पुतळा जाळून घेतला आणि ती विधवा झाली. स्वतःच्या नवऱ्याचं मरण जिने असं उघड सांगितलं ती आपल्याशी कशाला खोटं बोलेल, असं लोक म्हणत. तिची सगळी पत त्या मेलेल्या नवऱ्यावर उभी होती.

ती वाईट बाई होती असं मी सरळ म्हणू शकत नाही, हीच माझी अडचण आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने पेज करून घातली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. पण खालच्या आळीतल्या हिराबाईशी ती जे वागली तेही मी पाहिलं आहे. हिराबाईचा मुलगा संतोष कारखान्यात जातो म्हणून गेला आणि घरी आलाच नाही. आक्काने संपलाय म्हटलं, भाऊबंदांनी पुतळा जाळला. हिराबाईला ते पटेना. ती पुन्हा पुन्हा पडवीत येऊन बसे, अजून एकदा बघा म्हणे. आक्का तिच्याकडे मान न वळवता म्हणे, "मेल्याला किती डाव बगू?"

आणि एका सकाळी बबन आला. दाढी पांढरी झालेली, पाय ओढत चालणारा, हातात एक पिशवी. गुजरातेत त्याने दुसरा संसार थाटला होता. ती बाई वारली आणि तिच्या मुलांनी याला बाहेर काढलं. हे सगळं त्याने पडवीसमोर उभं राहून सांगितलं. गाव गोळा झालं. त्याला सगळ्यांनी ओळखलं, दिराने तर पहिल्या नजरेत. आक्का तांदूळ निवडत होती.

"ह्यो कोन हाय मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "माजा मालक पान्यात गेला. मी बगितलाय."

जमलेल्यांतल्या निम्म्या घरांनी आक्काच्या शब्दावर आपापलं माणूस जाळलं होतं. बबन जिवंत आहे म्हणायचं, तर मग आपण कुणाला जाळलं हे घरी जाऊन बायकामुलांना काय सांगायचं? दीर मान खाली घालून गोठ्याकडे गेला. बाकीचेही हळूहळू पांगले.

तेवढ्यात हिराबाई धापा टाकत आली. तिने बबनचा दंड धरला, चाचपून पाहिला. मग आक्कासमोर हात जोडले.

"आक्का, येकदाच म्हना, ह्यो तुमचा मालक हाय. तुमच्याकडनं चूक झाली म्हना."

"तुजा मेलाय, हिरे," आक्का म्हणाली. "ह्यो बी मेलाय."

आणि ती तांदूळ निवडू लागली. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नसेल.

हिराबाईने बबनला आपल्या घरी नेलं. ओटीवर अंथरूण दिलं, दोन वेळ जेवू घातलं, खोकला झाला तर काढा दिला. तो मेला असता तर तिचा संतोषही मेला असता, म्हणून ती त्याला जपत होती. गावाने त्याचं नाव घेणं सोडलं. हिराबाईचा पाहुणा, एवढंच म्हणत.

मागच्या हिवाळ्यात आक्का गेली. बायकांनी तिला आंघोळ घातली, विधवेचं साधं लुगडं नेसवलं. तेवढ्यात हिराबाई बबनला घेऊन आली. त्याला अंगणात बसवून ती आत शिरली आणि कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवून तिने आक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं.

"सवाशीन हाय ती," हिराबाई म्हणाली. "मालक भाईर बसलाय तिचा. बगा की जाऊन."

बाहेर कुणी गेलं नाही. आक्काच्या जावेने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि ते कुंकू पुसून काढलं. हिराबाई पुन्हा करंड्याकडे वळली, तेव्हा आंघोळ घालणाऱ्यांतल्या दोघींनी तिचे हात धरले. दोघींच्याही घरचे पुतळे जळलेले होते. तिरडी उचलली, अंगणातून बबनसमोरून गेली, वळणाआड दिसेनाशी झाली, तोवर त्यांनी हिराबाईचे हात सोडले नाहीत.