पान उघडं राहिलेली माणसं

“इनको उड़ा दीजिए, देशमुखजी. सीधी बात है,” दुबेजी फोनवर म्हणाले. “शाम तक फाइल देनी है.”

दुबेजी आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. ऑफिस शहरात कमानिया गेटजवळ, मी कांचघर मोहल्ल्यातल्या घरून काम करतो. संशोधकांच्या ऑनलाइन सर्व्हेचे आकडे साफ करणं हा माझा धंदा. त्या दिवशीचा सर्व्हे चीनमधल्या लोकांचा होता. विषय डिसोसिएशन. म्हणजे माणूस जागेवर असतो, पण आपण आपल्यात नाही असं त्याला वाटतं. हात आपले वाटत नाहीत, ओळखीची खोली काचेपलीकडची दिसते. थोडंफार सगळ्यांनाच होतं. वाढलं तर त्रास होतो.

उडवायचे ते लोक फॉर्मवर नको इतका वेळ लावणारे. पान फार वेळ उघडं राहिलं की माणसाचं लक्ष नव्हतं असं धरायचं आणि त्याची ओळ काढायची, हा आमचा नियम. एरवी मी विचारही करत नाही. पण या फाइलवरून, ज्यांचा स्कोअर जास्त त्यांना तिथले समुपदेशक फोन करणार होते. लोकांनी तशी परवानगी दिली होती. ओळ गेली की फोनही गेला.

मी ओळी निवडल्या. डिलीटवर बोट ठेवलं आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. फुगायच्या, पुन्हा बसायच्या. ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं. रस्त्यावरचा आवाज हळूहळू लांब गेला. तिलवाऱ्याच्या पुलावर उभं राहून नर्मदेचं पाणी पाहताना मागच्या गाड्यांचा आवाज जातो, तसा. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

“अहो, चहावर साय आली! काहून असे बसून राहिले?” बायको दारात उभी.

“काम करून राहिलो.”

“हो का? कॉम्प्युटर तर झोपला. तुम्हीच तेवढे जागे, तेही अर्धे.”

स्क्रीन खरंच काळी झाली होती. माझ्याच नियमाने मला काढायला हवं होतं.

फॉर्मच्या प्रत्येक पानावर एकच प्रश्न असतो आणि प्रत्येक पानाला लागलेला वेळ वेगळा नोंदलेला असतो. तो उघडला. कंटाळलेला माणूस कुठेही थांबतो. यातले बरेच जण मात्र एकाच प्रश्नावर थांबले होते: ‘आपण स्वतःला लांबून पाहतो आहोत, असं कधी वाटतं का?’ थांबले होते, आणि मग पुढचा सगळा फॉर्म नीट भरला होता.

दुबेजींना फोन करून हे सांगितलं.

“अरे, कोई सब्ज़ी काट रहा होगा!”

“होगा. इसीलिए पूछ लेते हैं.”

“तो क्लाइंट से आप ही बोलिए, भैया. डाँट भी आप ही खाइए.”

क्लाइंट म्हणजे चीनमधल्या लिन मॅडम. व्हिडिओ कॉलवर त्यांच्यामागे संध्याकाळ झालेली दिसत होती.

“हे सगळे आजारी आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“नाही. थांबले, एवढंच मला माहीत आहे. का थांबले, ते आकड्यांत नाही.”

त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, “विचारते. फाइल थांबू दे.”

त्यांनी त्या लोकांना एकच प्रश्न पाठवला: पान उघडं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होता? बहुतेक उत्तरं दुबेजींच्या बाजूची निघाली. कोणी स्वयंपाकात, कोणी झोपेत, कोणी फोनवर. थोडी वेगळी होती. एका बाईने लिहिलं होतं, “इथेच, खुर्चीत. खोली होडीसारखी काठापासून सुटली. परत काठाला लागली, मग पुढचा प्रश्न घेतला.”

नावं आमच्याकडे येत नाहीत, नुसते क्रमांक येतात. तिचा स्कोअर जास्त होता. ओळ राहिली, म्हणून समुपदेशकांनी तिला फोन केला. पुढे लिन मॅडमनी कळवलं, की तिने तो उचलला आणि ती बराच वेळ बोलली.

तेव्हापासून मी आधी विचारतो, मग ओळ काढतो. फाइली उशिरा जातात. दुबेजी कुरकुरतात. मी त्यांना सांगून ठेवलं आहे, “मुझे निकालने से पहले भी एक बार पूछ लीजिएगा.”