मेजर अक्कांचं ‘नाही’

अक्कांना कुणी नमस्कार केला, की त्या आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून बघायच्या. आत लाली दिसली तर हसायच्या, नाहीतर, “काय खाल्लंस सकाळी?” असं विचारायच्या.

मुठा खोऱ्यात आमच्या शेजारच्याच गावच्या त्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या मेजर होत्या. बाकीच्या मुलींच्या त्या मॅडम, माझ्या अक्का. दोघीच असलो की गावच्या बोलीत बोलायच्या.

आम्ही मुली चहावर दिवस काढायचो. उशिरा उठायचं, गणवेश चढवायचा आणि वॉर्डकडे पळायचं. अक्का मेसच्या दाराशी उभ्या असत. न्याहरी केल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नसत. झोप झाली का, पाणी प्यालात का, सगळ्यावर त्यांचं लक्ष. पाळीच्या दिवसांत मी एकदा पोट आवळून उभी होते. दुखतंय म्हटलं तर सगळे बायकांना नाजूक म्हणतील, अशी मला भीती. अक्कांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “लपवून उभी ऱ्हायलीस आन् तुझ्या हातनं औषध चुकलं, तर कुनी म्हननार न्हाई का पोरगी आजारी व्हती. म्हनतील, बायांना ह्ये काम जमत न्हाई.”

एका हिवाळ्यात एका जवानाची अवघड शस्त्रक्रिया ठरली. सर्जनसाहेबांना मदतीला अक्काच हव्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता. त्यांनी साहेबांसमोर हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. “आज मी या कामाला योग्य नाही, साहेब. सुमनला घ्या,” त्या म्हणाल्या. ऐनवेळी माघार घेता, म्हणून साहेब बरंच बोलले. अक्का हलल्या नाहीत. त्यांची सुमन, म्हणजे मी, आत गेले. जवान वाचला.

त्या नकारामुळे पुढच्या बढतीत मात्र अक्कांचं नाव मागे पडलं. मेट्रनची जागा दुसरीला मिळाली. सुट्टीला गावी जाताना एसटीत मीच चिडून बोलत होते.  त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “वाईट वाटलं. लई वाटलं. पन हात थरथरत व्हता, ह्ये बी खरंच हाय.”

निवृत्तीनंतर त्या गावीच राहिल्या. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी आपणहून त्या शस्त्रक्रियेच्या दिवसाचा विषय काढला. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी सीमेजवळच्या रुग्णालयात काम केलं होतं. “तितं बी इतकं भ्या वाटलं न्हवतं,” त्या म्हणाल्या, “जेवढं त्या दिवशी साहेबांना न्हाई म्हनताना वाटलं.” मी त्यांचे पाय चेपत बसले. आठवड्याभरात त्या गेल्या.

पुढे मी मेट्रन झाले. एकदा एक नवी मुलगी माझ्या दाराशी आली, बराच वेळ घुटमळली आणि खाली बघत म्हणाली, “मॅडम, आज मला जमणार नाही.” मी उठून तिला आधी खुर्ची दिली. तिथवर येऊन एवढं बोलायला तिला किती धाडस लागलं असेल, ते मला ठाऊक होतं.