बिसेनच्या कागदावरची पंधरा भोकं

“समोर किती कागद दिसून राहिले बे?” मी बिसेनला हळूच विचारलं.

“चार.”

तीन होते.

आम्ही तिघं फायरिंग लाईनवर उभे होतो. डावीकडे मी, मधे बिसेन, उजवीकडे मडावी. वीस पावलांवर बांबूच्या चौकटीत ताणलेले तीन कागद, प्रत्येकावर माणसाची काळी आकृती. त्यांच्या मागे मातीचा उंच बांध आणि बांधामागे देवरीचं जंगल. प्रत्येकाच्या हातात आपली बारा बोअरची दुनळी बंदूक. प्रत्येकाला दोन काडतुसं. आणि माझा तीस वर्षांपासूनचा दोस्त सांगत होता की कागद चार आहेत.

मी गनमन आहे. बँकेच्या दारात बंदूक घेऊन जो माणूस उभा असतो आणि ज्याला लोक फक्त ‘पैसे कोणत्या खिडकीत भरायचे’ एवढंच विचारतात, तो मी. आम्ही तिघं फौजेत एकाच कंपनीत होतो. रिटायर झाल्यावर एकाच सिक्युरिटी एजन्सीत लागलो. मी गोंदियातल्या एका बँकेत. बिसेन आमगावच्या शाखेत. मडावी कचारगडाकडचा, तो कॅश व्हॅनवर असतो. तो दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार ‘हो’ अशी असतात.

एजन्सीचा नियम साधा आहे. ठरलेल्या मुदतीत ट्रेनिंग करायचं, फायरिंग पास व्हायचं, सर्टिफिकेट घ्यायचं. सर्टिफिकेट नाही तर बंदुकीची ड्युटी नाही. बिसेनचा जीव त्या आमगावच्या शाखेत अडकलेला. तिथल्या बायांना मॅनेजरचं नाव माहीत नाही, पण बिसेनभाऊ माहीत आहेत. विड्रॉलची स्लिप भरून दे, आधार कार्ड उलटं लावलं ते सरळ कर, नातवाच्या लग्नाची पत्रिका घे, सगळं बिसेनभाऊ. घरी मन लागत नाही म्हणून हा माणूस सुटीच्या दिवशीही शाखेसमोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो.

आणि त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्याने सांगितला नव्हता. मला कळला, कारण तीन महिने त्याची मोटरसायकल ‘खराब’ होती आणि कुठेही जायचं तर तो माझ्या मागे बसत होता. मी त्याची गाडी गुपचूप सुरू करून पाहिली. एका किकमध्ये सुरू झाली.

आदल्या दिवशी फुलचूरच्या एका हॉलमध्ये आमचा वर्ग झाला. शिकवणारे एक रिटायर सुभेदार. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, “फौज भूल जाओ. तिथे समोर दुश्मन होता. इथे समोर पासबुक घेतलेली म्हातारी आहे.”

गनमनचं काम गोळी मारणं नाही, गोळी मारायची वेळ येऊ न देणं आहे. आधी आवाज द्यायचा, मग खांबाचा आडोसा घ्यायचा, सायरन दाबायचा. बंदूक सगळ्यात शेवटी. आमच्या काडतुसाला एलजी म्हणतात. त्यात सहा मोठे छर्रे असतात. नळीतून निघाले की ते पसरत जातात. वीस पावलांवर गेले की परातीएवढी जागा घेतात. “त्या परातीत कोण कोण उभं आहे ते आधी पाहा,” उस्ताद म्हणाले. “नळीतून गेलेला प्रत्येक छर्रा तुमच्या नावावर. तो परत येत नाही.”

मग ड्रिल झाली. उस्तादांचा असिस्टंट लुटारू बनून, लाकडी कोयता हलवत हॉलमध्ये घुसला. गनमन बिसेन. बिसेनने हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “लाईनीत या भाऊ! पासबुक आणलं काय?”

सगळा हॉल हसून लोळला. उस्तादही हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. बिसेनला कोयता दिसलाच नव्हता.

बाहेर चहाला मी त्याला कोपऱ्यात घेतलं. “डोळा दाखव ना बे डॉक्टरले.”

“कायले? काय झालं डोळ्याले?”

“तुले कोयता दिसला नाही.”

“गंमत केली ना मी! तू तं बावळाच आहेस एकदम.” मग जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, “ऑपरेशन म्हणजे दीड महिना घरी. एकदा जागा सोडली का दुसरा येऊन बसते. मंग तो काऊन उठते?”

एजन्सीत असं झालेलं मी पाहिलं आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी लाईनवर उभं असताना मी जे केलं ते केलं. पास व्हायला स्वतःच्या कागदावर सहा भोकं लागतात. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता. माझी एक नळी माझ्या कागदावर, एक बिसेनच्या. सहा मला, सहा त्याला. छर्ऱ्यांवर नाव थोडंच लिहिलेलं असतं!

“भर!” उस्ताद ओरडले. आम्ही बंदुका मोडल्या, म्हणजे बिजागरीवर उघडल्या, काडतुसं घातली, बंद केल्या.

“फायर!”

कान बधिर झाले. खांद्याला धक्के बसले. मी पहिली गोळी माझ्या कागदावर टाकली, दुसरी जरा उजवीकडे सरकवून बिसेनच्या. धूर निवळला. बंदुका रिकाम्या करून, उघडून टेबलावर ठेवल्या. मग सगळे कागदांकडे चालत गेलो.

बिसेन सगळ्यात पुढे. त्याने कागदाला जवळजवळ नाक लावलं, बोटाने मोजलं आणि ओरडलाच, “पंधरा! अरे रहांगडाले, पंधरा! कोन म्हणत होतं मले दिसत नाही?”

मी मनातल्या मनात हिशोब केला. एका काडतुसात सहा, दोन काडतुसांत बारा. पंधरा कुठून आले? माझे सहा धरले तरी याचे नऊ? मी उजवीकडे पाहिलं. मडावी आपल्या कागदाकडे पाहत नव्हता, जंगलाकडे पाहत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानेही एक नळी बिसेनच्या कागदावर रिकामी केली होती! मडावी कॅश घेऊन आमगावला जातो. दहा पावलांवरून बिसेनने एकदा त्यालाच ‘कोण आहे?’ म्हणून अडवलं होतं. मडावीने हे तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

उस्ताद आले. त्यांनी तिन्ही कागद पाहिले. माझ्या कागदावर पाच भोकं. म्हणजे दोस्ताला पास करता करता मी स्वतः फेल झालो होतो. मडावीच्या कागदावर बरोबर सहा. मधे पंधरा.

“बिसेन,” उस्ताद शांतपणे म्हणाले, “काडतुसं किती दिली होती?”

“दोन, उस्ताद.”

“छर्रे किती?”

बिसेन बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला. फौजी माणूस, त्याला एवढं गणित येतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मडावीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते जाताना मला बघवलं नाही.

“तुम्ही दोघं मले आंधळा समजता काय?”

कोणीतरी बोलायला हवं होतं.

“हो बे,” मी म्हणालो. “तुले दिसत नाही. उस्ताद, माझी एक नळी याच्या कागदावर गेली. मुद्दाम.”

“माझीही,” मडावी म्हणाला.

मला वाटलं उस्ताद शिव्या घालतील. त्यांनी नवा कागद लावला, बिसेनला एकट्याला पुन्हा उभं केलं आणि दोन काडतुसं दिली. दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या. कागदाच्या कोपऱ्यात दोन भोकं होती. आकृतीवर एकही नव्हतं.

“बाकीचे दहा कुठे गेले?” उस्तादांनी विचारलं. “इथे मागे बांध आहे. शाखेत मागे कोण असतं?”

शाखेत मागे कोण असतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं! त्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि हात पुसले.

मग उस्ताद आमच्याकडे वळले. “दोस्ती अच्छी चीज है. पण उद्या त्याच्या शाखेत गडबड झाली तर तुम्ही दोघं तिथे जाऊन त्याच्यासाठी गोळी मारणार काय? याला दिसत नाही हे माहीत असून लाईनवर उभं राहू दिलं, ही तुमची चूक पहिली. कागद दुसरी. तिघंही फेल. दोन महिन्यांनी पुन्हा या.”

मी तिथूनच एजन्सीच्या साहेबांना फोन केला.

“तिघंही फेल?” साहेब ओरडले. “रहांगडाले, तू पण? अरे मी बँकेत कोणाला उभं करू?”

मी सगळं खरं सांगितलं. शेवटी म्हणालो, “साहेब, एकच मागणं आहे. बिसेनची आमगावची जागा ठेवा. आम्हाला दोघांना कुठेही टाका.”

साहेब म्हणाले, “ठेवतो. त्याला डोळ्याच्या डॉक्टरचा कागद आणायला सांग. तुम्ही दोघं राईस मिलच्या गेटवर, लाठी घेऊन.”

बिसेन माझ्या गाडीवर बसला नाही. हायवेवर जाऊन बसने गेला. चार दिवस फोन उचलला नाही. मी मिलच्या गेटवर धानाचे ट्रक मोजत होतो आणि मनात स्वतःला शिव्या घालत होतो. तीस वर्षांत आम्ही भांडलो होतो, पण अबोला कधी धरला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन माझ्या दारात उभा. पिशवीत टॉवेल, साबण आणि डबा. मागे मडावी. त्याला बिसेननेच बोलावलं होतं.

“चाल,” बिसेन म्हणाला. “कोनत्या दवाखान्यात न्यायचं ते ने. पन आत घेऊन जाईपर्यंत हात सोडू नको.”

फौजेत बर्फात रात्र काढलेला माणूस, पण डोळ्याला काही लावणार म्हटल्यावर दवाखान्याच्या पायरीवरच थांबला. मी त्याचा एक हात धरला, मडावीने दुसरा. नर्सबाई म्हणाल्या, “अहो, पेशंट कोण आहे यातला?”

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी दीड महिना धक्का बसेल असं काही करायचं नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्गाला आम्ही तिघं पुन्हा त्याच लाईनवर उभे राहिलो. या वेळी उस्ताद आमच्या मागेच, दोन हातांच्या अंतरावर उभे. बिसेनचे नऊ, मडावीचे दहा, माझे सात.

बिसेन माझ्या कागदाजवळ आला, नाक न लावता लांबूनच मोजले आणि म्हणाला, “सातच? सांगाचं ना बे. एक नळी मी टाकलो असतो तुझ्या कागदावर.”

उस्तादांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. तिघांचीही सर्टिफिकेटं सही करून दिली. दुसऱ्या दिवशी बिसेन आमगावला हजर झाला.

बंदुकीचं काय शिकलो ते त्या सर्टिफिकेटवर छापलेलं आहे. न छापलेलं एवढंच, की दोस्ताला दिसत नसेल तर ते त्याला तोंडावर सांगावं. त्याला राग येतो. राग चार दिवसांत जातो, मोतीबिंदू आपोआप जात नाही.