बाराव्या खुर्चीचा नानासो

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीच्या चर्चमध्ये बारा खुर्च्या मांडतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. एरवी उपासना निम्मी झाल्यावर उगवणारे गडी त्या दिवशी दिवस मावळायच्या आत हजर. भक्तीबिक्ती काही नाही. दाराजवळची शेवटची खुर्ची यहूदाची, असं जुन्या माणसांनी कधीतरी ठरवून ठेवलंय. गुरूला धरून देणाऱ्याच्या जागी कोण बसणार?

नानासो बसतो. फौजेतून परतलेला, आष्ट्याच्या बाजारात भाजीवालीशीही हिंदीत घासाघीस करणारा हा गडी दरवर्षी तिथं ऐसपैस बसतो. कुणी चिडवलं तर म्हणतो, पाणी सगळ्यांना एकाच घमेल्यातलं आहे.

शमुवेल त्याचा जिवाभावाचा दोस्त. पण उपसरपंचाच्या निवडीच्या आदल्या रात्री शमुवेल नानासोच्या घरी मटणाचा रस्सा ओरपून गेला आणि सकाळी फुटला. नानासो एका मतानं पडला. तेव्हापासून शमुवेल चर्चकडे फिरकला नव्हता, आणि नानासोपुढं त्याचं नाव काढायची आमची छाती नव्हती.

यंदा पाळकसाहेब घमेलं घेऊन उठले आणि दारात शमुवेल दिसला. उसाला पाणी पाजून तसाच आलेला, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. आत यावं की परत फिरावं, हे त्यालाच कळेना. एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि कुणी सरकूनही घेईना. मीही घेतलं नाही.

नानासो उठला. आता हा त्याला हाकलणार, असंच आम्हाला वाटलं. त्यानं शमुवेलचा दंड धरला आणि त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, जागा बरोबर मिळाली. मग नानासोनं पाळकसाहेबांकडून घमेलं मागून घेतलं आणि खाली बसला.

शमुवेलनं पाय आखडून घेतले. “नाना, नगं. मी तुला दगा दिलाय.”

“म्हायती हाय. यहूदा काय करणार ते येशूलाबी म्हायती व्हतं. तरी त्येचं पाय धुतलंच की.”

“मंजी तुझा राग गेला?”

“कुठला जातोय? लय हाय अजून,” नानासो चिखल खरवडत म्हणाला. “पर राग जायाची वाट बघत बसलो, तर तुझं पाय कवा धुवायचं?”

शमुवेल लहान पोरासारखा रडायला लागला. नानासोनं त्याला दुसरा पाय पुढं करायला सांगितला.