डाव्या हाताचा घास

करीमभाई नांदेडचा बावर्ची. तो मोठाल्या देगी चुलीवर चढवायचा. मी लाकडं फोडायचो, भट्टी लावायचो आणि भरलेली देग उतरवताना दुसऱ्या कड्याला हात घालायचो.

आमची गाठ भूकंपानंतर पडली. किल्लारीकडच्या एका छावणीत आम्ही खिचडी शिजवायला होतो. एकदा देग बुडाला लागली. करीमभाईनं ती अख्खी टाकून दिली आणि मला पुन्हा भट्टी पेटवायला सांगितलं. मी चिडलो. फुकटच्या जेवणाला इथं कोण नावं ठेवणार, असं म्हणालो. तो म्हणाला, "घरं पडली त्यांची. जिभा न्हाई पडल्या."

तेव्हापासून मी त्याच्या हाताखालीच काम केलं. त्याचं नाक तयार होतं. झाकण न काढता भात कुठवर आला ते सांगायचा.

पुढं लातुरात क्लासेस वाढले. गावोगावची पोरं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला येऊन राहू लागली. एका वसतिगृहाच्या मेसमध्ये आम्ही कामाला लागलो. घरी नांदेडला करीमभाईची बायको बेगमबी आणि मुलगी अर्शिया. अर्शियाच्या लग्नाची देग मीच चढवणार, दुसऱ्या कुणाला झाकणाला हात लावू देणार नाही, असं तो ती लहान असल्यापासून सांगायचा. नांदेडात अर्ध्या लग्नांत त्यानं शिजवलं होतं. स्वतःच्या घरचं कार्य एकच होतं.

ते लग्न ठरलं आणि थोड्याच दिवसांत मेसमध्ये देगीखालची वीट सरकली. उकळतं वरण त्याच्या उजव्या हातावर आलं, कोपरापासून बोटांपर्यंत. मी गार पाण्याची धार सोडली. दवाखान्यात मलमपट्टी झाली. हात ओला करू नका, रोज पट्टी बदलायला या आणि लग्न होईपर्यंत तरी चुलीजवळ जाऊ नका, असं तिथं सांगितलं.

ही शेवटची गोष्ट ऐकली आणि तो पट्टीला जायचा थांबला. खोलीतच मलमलच्या कापडानं हात बांधू लागला. मोठे फोड फुटले होते. तसाच हात घेऊन तो देगीच्या वाफेवर काम करायचा, भिजलं कापड पिळून पुन्हा बांधायचा. मी बोललो तर म्हणायचा, वरची कातडी गेली, खाली नवी येऊन राहिली. बेगमबीला कळवू नको, असंही त्यानं बजावलं.

मग त्याच्या अंगाला अत्तराचा वास येऊ लागला. दिवसेंदिवस जास्तच. मी म्हणालो, "करीमभाई, लग्न पोरीचं हाय का तुमचं?" तो हसला.

मला कळलं ते देगीवरून. दोघांनी उचललेल्या देगीचा भार दोघांवर सारखा येतो. त्या दिवशी सगळा भार माझ्याकडं कलला. काम चोरणारा माणूस तो नव्हता. मी देग खाली ठेवली, त्याला मागच्या मोरीवर नेलं आणि पट्टी सोडायला लावली.

कापडावर हिरवट डाग होते. अत्तराच्या खालून दुसराच वास आला, गोडसर, सडक्या फळासारखा. बोटांची टोकं काळी पडली होती.

"वास मला कधीचाच येऊन राहिला," तो म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता.

"मग बोलला का न्हाई?"

"बावर्चीच्या हाताला घाण सुटली, हे कुणाला सांगू?"

त्याच संध्याकाळी त्याला थंडी भरली. घरी जायचं म्हणून हटून बसला, म्हणून नांदेडची बस धरली. वाटेत तो बरळू लागला. मीठ बघ, निखारे ओढ, असं मलाच सांगत होता. स्टँडवरून ऑटो मी घराकडं नेलीच नाही, सरकारी दवाखान्यात नेली.

मी बेगमबीला बोलावून घेतलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजेल असं सांगितलं. भाजलं की कातडीचं कुंपण जातं. उघड्या मांसात जंतू शिरतात, ओल मिळाली की वाढतात. याचे आता रक्तात उतरले होते. हात राहील का हा नंतरचा प्रश्न, आधी माणूस राहिला पाहिजे. सुईतून दिलेलं पहिलं औषध त्या जंतूंना लागू पडलं नाही. जखमेतला पू तपासून दुसरं काढलं. मेलेलं मांस कापावं लागलं, त्यात दोन बोटं गेली. मांडीची कातडी काढून हाताला लावली.

शुद्धीवर आल्यावर त्यानं बोटांचं काही विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मेसच्या पोरांना काही झालं का? याच हातानं वाढलं मी त्यांना." मी लातूरला फोन करून विचारलं. कुणाला काही झालं नव्हतं. तरी मी भेटायला गेलो की तो तेच पुन्हा विचारायचा.

अर्शिया लग्न पुढं ढकला म्हणत होती. त्यानंच ऐकलं नाही. देगलूरचा एक बावर्ची आला, मी त्याच्या हाताखाली राबलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात करीमभाईनं बिर्याणी कशी झाली ते विचारलं. मी खोटं बोललो नाही. चांगली झाली होती. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. अर्शिया आणि जावई भेटायला आले तेव्हा पट्टी बांधलेला हात त्यानं चादरीखाली ओढून घेतला.

हात वाचला, पण मूठ वळत नाही. घास उजव्या हातात धरता येत नाही. दस्तरखानावर दहा जणांत बसून डाव्या हातानं जेवणं त्यांच्यात बरं दिसत नाही. आजाऱ्याला त्याची सूट आहे, असं मशिदीतल्या मौलवींनी घरी येऊन सांगितलं. त्यानं मान हलवली, पण कुणाच्या पंगतीला बसणं सोडून दिलं. लग्नाची बोलावणी आली की बेगमबी एकटी जायची.

अर्शियाच्या पोराचं जावळ काढलं, अकिक्याचं जेवण झालं, तेव्हा मात्र तो आला. मी देगीजवळ होतो. सगळे बसले तसा तो कनातीमागं माझ्याकडं आला. झाकणाकडं बघून म्हणाला, "जास्त शिजू नको देऊस. उतरव." मी वाढपातल्या एका पोराला हाताशी घेऊन देग उतरवली. तेवढ्यात अर्शिया ताट घेऊन आली. अब्बा, आत चला, म्हणाली. तो म्हणाला, इथं बरं वाटतं, वारा हाय. ती ताट त्याच्यापुढं ठेवून गेली.

करीमभाई लाकडांच्या ढिगाकडं तोंड करून बसला. कनातीला मध्ये फट होती, तिच्यातून पंगत दिसत होती. मी जाऊन तिथं उभा राहिलो, फट माझ्या पाठीनं झाकेल असा. त्याचं जेवण होईपर्यंत हललो नाही.